गाळा, खाणावळ आणि नवा माणूस



आम्ही युनियनचे काम करणारे. त्यामुळे व्याख्यानमालेच्या चालकांना वाटले की आम्ही कामगार कायद्यांवर बोलू. आम्ही म्हटले, कायद्यावर बोलायला तालुक्याला वकील पुष्कळ आहेत. आम्हांला बोलायचे आहे ते अठरा वर्षांच्या एका पोराबद्दल. त्याच्या हातात पत्र्याची ट्रंक आहे, खिशात कोणीतरी लिहून दिलेला पत्ता आहे, आणि तो मोठ्या शहराच्या फलाटावर उतरला आहे. तो त्या रात्री झोपतो कुठे, उद्या जेवतो कुठे, आणि ज्या गर्दीत निम्म्या माणसांची भाषा त्याला कळत नाही तिच्यात तो बोलतो काय, एवढाच आमचा विषय. विषय लहान दिसतो. पण मुंबई नावाचे शहर याच पोरांनी भरले, आणि त्यांतली कितीतरी पोरे आपल्या याच मुलुखातून गेली.

ती का गेली हे आधी सांगितले पाहिजे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, हे तुम्हांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्याच वर्षी, १२ मे रोजी, इथून जवळच सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे फोडून कर्जरोखे बाहेर काढले. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, एकीकडे शहाणी माणसे व्याख्यान ऐकायला जमली आणि दुसरीकडे खतपत्रे जाळायला. आमची माणसे कोणत्या गर्दीत होती ते सांगायला नको. इंदापूर तालुका तर इंग्रजांच्या जमीनमोजणीची पहिली पाटी. १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या सारापद्धतीची सुरुवात इथूनच केली, कारण आधीच्या जबर साऱ्याने इथले रान ओसाड पडले होते. सारा सुधारला तरी पाऊस काही सुधारला नाही. सुप्यानंतर वर्षभरातच १८७६ चा मोठा दुष्काळ आला. नीरेच्या कालव्याचे पाणी ज्या गावांना मिळाले ती बागायतदार झाली. उरलेल्या गावांना एकच कालवा राहिला, तो म्हणजे भिगवण स्टेशनातून जाणारी मुंबईची आगगाडी.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. पुढच्या साठसत्तर वर्षांत गिरण्यांनी इतकी माणसे ओढून घेतली की १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्या दर शंभर माणसांत फक्त सोळा मुंबईत जन्मलेली निघाली. म्हणजे चौऱ्यांशी पाहुणे आणि सोळा घरचे! आणि हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. या दोन आकड्यांत त्या शहराचे सगळे रोजचे जिणे आले. निम्म्याहून अधिक पुरुष बायको-लेकरे गावाकडे ठेवून राहत होते. त्यांना घर परवडत नव्हते, चूल नव्हती, आजारात पाणी देणारे माणूस नव्हते. मालकांना हात हवे होते. हातांबरोबर पोट आणि पाठ येते याचा विचार करणे मालकांना आपले काम वाटत नव्हते. सरकारनेही तो फार उशिरा केला. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथल्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्या १९२० नंतर, गिरण्यांचे भोंगे वाजायला लागून साठपासष्ट वर्षे झाल्यावर.

तोवर माणसांनी स्वतःच सोय केली होती. तिचे नाव गाळा.

आम्ही १९८८ साली मुंबईला गेलो तेव्हा १९८२ चा संप होऊन गेलेला होता. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणीकामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. माणसे थकत गेली, एवढेच. गिरणगाव पडत चालले होते, पण गाळे शिल्लक होते, म्हणून आम्हांला ते पाहायला आणि भोगायला मिळाले. लालबागच्या एका चाळीत आमच्या भागातल्या माणसांची खोली होती. खोली एक, माणसे एकवीस. ऐकणाऱ्याला वाटेल की ही अतिशयोक्ती आहे. हिशेब सोपा आहे : तीन पाळ्यांची माणसे एका वेळी खोलीत नसतातच. रातपाळीचा परत आला की दिवसपाळीच्या माणसाची पथारी अजून उबदार असे. जे मावत नसत ते गॅलरीत, जिन्याखाली, उन्हाळ्यात फुटपाथवर झोपत. भिंतीला खुंट्यांची रांग, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. माळ्यावर ट्रंका. एका माणसाची मुंबईतली सगळी मालमत्ता म्हणजे खुंटीवरचा सदरा, ट्रंकेतली कागदपत्रे आणि गुंडाळून ठेवलेली वळकटी.

पण गाळा म्हणजे नुसती खोली नव्हे. त्याला घटना होती, कोणी कागदावर न लिहिलेली. नव्या माणसाने मोरीजवळ झोपायचे. कोणी गावाला कायमचा गेला की एकेक जागा आत सरकायची. नव्या पोराला काम लागेपर्यंत भाडे मागायचे नाही. ज्येष्ठ माणसाकडे किल्ली आणि हिशेबाची वही. दारू पिऊन आला तर त्या रात्री बाहेर. गावाकडून पत्र आले की वाचता येणाऱ्याने मोठ्याने वाचायचे, त्यामुळे कोणाच्या घरचे दुःख कोणापासून लपत नसे. याचा त्रासही होई, कारण सगळ्याच गोष्टी एकवीस जणांनी ऐकण्यासारख्या नसतात. कोणी मेला तर मयताचा खर्च गाळा करी आणि त्याची ट्रंक गावी पोचवी. आम्ही पुढे पुष्कळ संघटनांच्या घटना वाचल्या, दोनचार लिहिल्याही. पण वर्गणी, शिस्त, आजारपण, मरण आणि नवा सभासद या पाच गोष्टींची इतकी पक्की व्यवस्था त्यांतल्या थोड्यांत सापडली.

हे फक्त आपल्याच लोकांनी केले असेही नाही. गोव्याच्या माणसांचे कूड धोबीतलाव-गिरगावच्या बाजूला होते, काही आजही आहेत. एकेका गावाचा एकेक कूड. बोटीवर खानसामा किंवा खलाशी म्हणून जाणारा गोवेकर दोन बोटींच्या मधले महिने तिथे काढी. आमच्या खोलीत पांडुरंगाची तसबीर, त्यांच्याकडे ख्रिस्ताची वेदी. बाकी ट्रंकांची रांग तीच. उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर मदनपुऱ्यात अशाच खोल्यांतून राहिले. तेलंगणाच्या पद्मशाली विणकरांचीही आपली वस्ती होती. म्हणजे नाना देशींची माणसे एकमेकांना न विचारता एकाच उत्तरापाशी आली होती.

आता पोटाचे. गाळ्यात चूल नसे, म्हणून खाणावळ. ही खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. शेजारच्या चाळीत एखादी बाई असे, बहुधा विधवा, किंवा नवऱ्याची नोकरी गेलेली. ती आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरावीस माणसांना दोन वेळ जेवू घाली. पहाटे चारला तिचा स्टोव्ह पेटे, कारण सातच्या पाळीचे डबे सहाला निघाले पाहिजेत. रात्री बाराला दुसरी पाळी सुटे, त्यांची ताटे झाकून ठेवलेली. ती झोपत केव्हा होती हे आम्ही तेव्हा कधी विचारले नाही. गाळ्यातल्या कोणीच विचारले नाही. महिन्याचे पैसे पगार झाला की. म्हणजे ती बाई प्रत्येक कामगाराला दर महिन्याला एक महिन्याचे कर्ज देत होती, बिनव्याजी, बिनतारणाचे. ज्या मुंबईत गावाकडच्या माणसाला दारात उभे करणारी बँक नव्हती आणि पठाणाचे व्याज हाडे खाई, त्या मुंबईत गिरणीकामगाराची खरी सावकार ही खाणावळवाली. आणि ती स्वतः मात्र वाण्याकडून उधारीने व्याज भरून धान्य आणी.

संप झाला की काय होई याचा विचार करा. संपाच्या सभेत भाषणे पुढारी करीत. त्या संपाला जेवण कोण घाली? १९७४ च्या सुमाराच्या मोठ्या संपात या बायकांनी मंगळसूत्रे, भांडी गहाण ठेवून आपल्या मेंबरांना जेवू घातले. हे ज्यांच्या डोळ्यांत भरले त्या प्रेमाताई पुरव. गोवामुक्तीच्या लढ्यात पायात गोळी घेतलेली ही बाई गिरणगावात काम करीत होती. १९७५ साली त्यांनी खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकेला त्यांच्या दारापर्यंत आणले. ज्या बाईला स्वतःच्या नावाची सही येत नव्हती तिने कर्ज काढून हप्त्याहप्त्याने फेडून दाखवले. आमच्या चळवळीच्या इतिहासात संपांच्या तारखा नीट नोंदल्या आहेत. ताटांचा हिशेब कोणी नोंदला नाही.

एवढे ऐकून कोणाला वाटेल की आम्ही जुन्या मुंबईचे गोडवे गातो आहोत. नाही. गाळ्याला दार होते आणि दारावर जात होती.

नवा माणूस कामाला लागे तो मुकादमाच्या हातून. साहेब लोक त्याला जॉबर म्हणत. मुकादम आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस भरी; त्याबद्दल दस्तुरी घेई; कधी तोच खोलीचा मालक, तोच वाण्याचा जामीन, तोच व्याजाने पैसे देणारा. गावच्या पाटलाला विटून आलेल्या पोराला इथे दुसरा पाटील भेटे. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहत आणि मुकादमाची नजर कोणावर पडते ते बघत. १९३५ साली बदलीच्या नोंदीची पद्धत निघाली तेव्हा त्याच्या नजरेचा भाव थोडा उतरला. शेजारची माणसे सांभाळतात तशी ती बांधूनही ठेवतात, हे गाळ्याने जितके शिकवले तितके दुसऱ्या कशाने शिकवले नसेल.

जातीचे तर उघडच होते. गिरणीत विणाई खात्यात पगार जास्त. पण त्या खात्यात दलित कामगाराला पाऊल टाकता येत नव्हते. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी बसवली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा. वाफेवर आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्यात, विलायती यंत्रांच्या मधोमध, गावचा पाणवठा असा जसाच्या तसा जाऊन बसला होता. १९२८ साली सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप झाला, तेव्हा डॉक्टर आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर स्पष्ट ठेवला : तुम्ही कामगारांची एकी म्हणता, तर विणाई खाते सर्वांना उघडे करा. बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत कामगारांच्या मधोमध राहिले होते. आमच्या लाल झेंड्याच्या पूर्वसुरींनी त्या मागणीला जितक्या जोराने उचलायला हवे होते तितक्या जोराने ती उचलली नाही, हे आम्ही त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो.

मग वेगवेगळ्या मुलुखांची माणसे एकमेकांना भेटली कुठे? खोलीत नाही, ताटावरही नाही. ती भेटली नळावर, संडासच्या रांगेत, साच्यावर, फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. आम्ही पहिल्या महिन्यात हिंदी शिकलो ती अशी, आणि ती हिंदी ऐकून एखादा काशीचा पंडित चक्कर येऊन पडेल. ‘खाली’ हा शब्द घ्या. आम्हांला त्याचा अर्थ तळमजला, हिंदीवाल्याला रिकामा. ‘डबा खाली है’ असे सोबतीने सांगितले की आम्ही जिना उतरून डबा शोधत बसत असू. कोकणातल्या माणसांनी आम्हांला घाटी म्हणायचे, आम्ही त्यांच्या मासळीच्या वासाला नाके मुरडायची, आणि दोघांनी मिळून भय्याला हसायचे. असे हसणे काही फार सात्त्विक नव्हते. पण आठ तास यंत्रापाशी शेजारी उभे राहिल्यावर कोणाची आई आजारी आहे आणि कोणाच्या शेतात पाणी लागले आहे हे कळतेच, भाषा कितीही मोडकी असली तरी.

वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेले अण्णाभाऊ साठे याच शाळेत शिकले. गावच्या शाळेत त्यांनी जेमतेम दीड दिवस काढला. पुढे गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि कादंबऱ्या लिहिल्या. आमच्यासारख्या अर्धवट शिकलेल्याला दादरच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात भीतभीत शिरताना त्यांच्या नावाचा फार आधार वाटे.

पण ही ओळख किती टिकाऊ? १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला. तेव्हा गिरणीकामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी दोन्हीकडच्या माणसांना राणीच्या बागेत एकत्र बसवले. रविवारची सुट्टी १८९० साली मिळवून देणारा हाच माणूस, मूळचा आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरच्या घराण्यातला. बरोबर शंभर वर्षांनी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, पुन्हा दंगा झाला. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली आहे. आम्ही तेव्हा तिथेच होतो. आमच्या खात्यातले आझमगढचे चार जण त्या आठवड्यात कामावर आले नाहीत, आणि त्यांतला एकच परतला. तोवर अनेक गिरण्या बंद पडल्या होत्या, युनियनचे कंबरडे मोडले होते, आणि नळावर भेटणाऱ्या माणसांना एकत्र बसवील असे वजन कोणत्याही कामगार पुढाऱ्याचे उरले नव्हते. गिरण्या गेल्या त्याबरोबर नुसता पगार गेला नाही, हे आम्हांला त्या जानेवारीत कळले.

आता मुंबई सोडून आपल्या घरी येऊ. कारण मधल्या काळात एक उलटापालट झाली आहे, आणि ती आपल्या ध्यानात आलेली नाही. आता शहर आपण आहोत.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत, लोणी देवकरला, शेजारी कुरकुंभला सकाळच्या पाळीला उभे राहून बघा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड, बंगाल. तेच अठरा-वीस वर्षांचे पोर. ट्रंकेच्या जागी पाठीवरची पिशवी, पत्त्याच्या चिठ्ठीच्या जागी मोबाइल. मुकादमाच्या जागी ठेकेदार. दस्तुरी आहेच, फक्त ती आता पगारातून परस्पर कापली जाते. भवानीनगर-माळेगावच्या उसात बीड-नगरची टोळी उचल घेऊन येते आणि सहा महिने कोपीत राहते. तिचा मुकादम तर नावानेही मुकादमच राहिला आहे. आम्ही ज्यांची बाजू मांडतो त्यांतल्या एका ठेकेदाराच्या पोरांना गेल्या पावसाळ्यात राहायला जागा होती ती कोंबड्यांची जुनी शेड. आमच्याच गाववाल्याची शेड. माणशी भाडे घेत होता. त्याचा आजा मुंबईला गाळ्यात मोरीजवळ झोपलेला आहे, हे आम्हांला ठाऊक आहे आणि त्यालाही.

काही जण म्हणतात, ही पोरे आपल्या पोरांच्या नोकऱ्या खातात. प्रश्न खोटा नाही. आपली पोरे बेकार आहेत. पण ठेकेदार त्यांना घेतो ते त्यांचा हात अधिक चांगला म्हणून नव्हे. त्यांना इथे कोणी नाही, म्हणून घेतो. बारा तास राबवले तर कोणाचा मामा येऊन विचारणार नाही. ज्या दिवशी त्या पोरालाही बारा तासांचा योग्य दाम द्यावा लागेल, त्या दिवशी ठेकेदाराला कळसचा पोरगा महाग वाटणार नाही. हे आम्ही गेट-सभेत मराठीत सांगतो, आमच्या त्या मोडक्या हिंदीत सांगतो, आणि दोन्हीकडचे निम्मे लोक उठून जातात. तरी सांगतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा देशभर माणसे पायी निघाली. ८ मेच्या पहाटे जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे, मध्यप्रदेशला घरी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. पुष्कळांनी विचारले, रुळांवर झोपले कशाला? आम्ही वेगळा प्रश्न विचारतो. ते निघाले कशाला? काम बंद पडले म्हणून? काम तर १९२८ लाही सहा महिने बंद होते, १९८२ ला त्याहून जास्त. तेव्हाही पुष्कळ माणसे गावी गेली, पण गाडीत बसून गेली, आणि बाकीची राहिली, कारण कोणीतरी भाडे थांबवले होते आणि कोणीतरी ताट वाढत होते. जालन्यात त्या सोळांची उधारी कोणाच्या वहीत नव्हती.

गेल्या दोनतीन वर्षांत आम्ही बारामतीला एक गोष्ट पाहतो आहोत, ती सांगतो आणि थांबतो. वसाहतीच्या मागच्या अंगाला इंदापुराकडची एक बाई डबे करते. आधी ती फक्त आपल्या मुलांना देई. मग ओडिशाची तीन पोरे येऊ लागली. त्यांना भाकरी घशाखाली उतरेना, तिला त्यांचा पाण्यात भिजवलेला शिळा भात पटेना. महिनाभर दोन्हीकडून कुरकुर चालली. आता ती त्यांच्यापुरता रात्रीच भात जास्त टाकते. तिच्या वहीत एकोणतीस नावे आहेत. त्यांतली अकरा तिला नीट लिहिता येत नाहीत, म्हणून ज्याचे नाव त्यानेच आपापल्या लिपीत लिहिले आहे. पैसे महिन्याच्या सात तारखेला, पगार झाल्यावर. तिचा वाणी मात्र रोखच मागतो. बँकेत तिचा अर्ज आम्ही दोनदा नेला. जामीन आणा म्हणतात. या सभागृहात बारामतीच्या बँकांतली मंडळी बसली आहेत, पुढच्या रांगेतच आहेत. व्याख्यान संपल्यावर आम्ही दाराशी उभे आहोत, अर्ज बरोबर आणला आहे.